बावन्न मुक्काम आणि एक बटण

३ नोव्हेंबर, सोमवार. यवत

सुपात तांदूळ घोळवावेत तसा तो आवाज होता. शेकडो खुरं मऊ फुफाट्यातून जातात तेव्हा होतो तो. शिरूर तालुक्यातलं आमचं गाव, घोडनदीच्या अलीकडे. एकखोली शाळा, चार वर्षं त्याच भिंतीला पाठ लावून काढलेली. कवितेचा तास दुपारचा. सगळी पोरं चालीवर डोलत असायची, आणि दिवाळी सरली की एका दुपारी खिडकीबाहेरून मेंढरं निघायची. आधी नुसती ती खसखस, मग पुढच्या बोकडाच्या गळ्यातली घाटी, मग बें-बें, आणि सगळ्यात शेवटी बिऱ्हाड लादलेल्या घोड्यांच्या टापा. गुरुजी छडी टेबलावर ठेवून थांबायचे. कवितेचं दुसरं कडवं दरवर्षी त्यात बुडायचं. ते कडवं मला आजही येत नाही. घाटी येते.

आज दुपारी संगणकाच्या पेटीतून तशीच बारीक खसखस यायला लागली, म्हणून हे आठवलं. म्हणजे मी बटण दाबलं होतं.

महिनाभर पडद्यावर रोज एक पाटी यायची. तुमची प्रणाली जुनी झाली आहे, यापुढे तिला सांभाळणारं कोणी नाही, नवी घ्या. मी रोज बंद करायचो, पण वाक्य लागायचं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला सकाळच्या चहाबरोबर हे कोण ऐकवतं? आज त्या पाटीवर डोंगरामागून उगवणारा सूर्य होता आणि खाली लिहिलेलं, 'अद्ययावत व्हा'. शब्दाला काय डौल आहे! म्हटलं, होऊ या.

ही दारातून म्हणाली, "चाललंय ते बरं चाललंय. कशाला त्यात बोट घालताय?"

"अगं, काळाबरोबर जायला नको?"

"गॅसची नळी बदला म्हटलं तर सहा महिने लागले तुम्हाला. आले काळाबरोबर जाणारे!"

पुतळाबाई असं नाव असलेली बाई आयुष्यात एकदाही पुतळ्यासारखी गप्प बसलेली मी पाहिली नाही.

साडेतीन तास लागले. पाच वाजता नवा सूर्य उगवला.

४ नोव्हेंबर

पडदा सुंदर झाला आहे. कडा गोल, रंग मवाळ, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखे. सगळ्या वस्तू खाली मधोमध गोळा होऊन बसल्या आहेत, पंगतीत बसाव्यात तशा. माझी फाईल कुठे गेली ते सापडायला अर्धा तास गेला, पण सापडली. उघडली नाही. आधी रूप पाहून घेतलं.

कोपऱ्यात एक सूचना आली: 'आवडलं नाही तर दहा दिवसांत परत जाता येईल.' मला हसूच आलं. परत जाता आलं असतं तर चौथीच्या वर्गात नसतो का गेलो? सूचनेवर फुली मारली.

पुढे कधी मला स्वतःलाच विसर पडला तर, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो की या पेटीत काय आहे.

कासुर्डीचा मल्हारी. मेंढरं विकून पंचवीस वर्षं झाली, त्यानंतर दोन एकरावर कांदा. त्याला एक ओवी येते. मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, दिवाळीनंतर कोकणात उतरायचा, त्या वाटेवरच्या एकेका मुक्कामाची ओवी. कुठे पाणी, कुठे चारा, कुठे काय घडलं, सगळं गाण्यात. त्या वाटेवर आता महामार्ग, प्लॉट आणि कंपन्या. गाणं म्हणणारा हा एकटाच उरला. तीन वर्षं दर गुरुवारी सायकल मारत गेलो आणि उतरवून घेतलं. त्याच्यापुढे मोबाइल ठेवला की त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं, म्हणून हातानेच लिहायचं. घरी येऊन संगणकात पक्की प्रत. पक्की झाली की कच्ची पानं फाडून पाणी तापवायच्या बंबात. ही शाळेतली शिस्त. कच्चं ठेवलं की लोक कच्चंच वाचतात, असं आमचे हेडमास्तर म्हणत.

मल्हारी म्हणायचा मुक्काम बावन्न. माझ्या मोजणीत एक्कावन्नच भरतात. चार वेळा मोजले. मेंढरं मोजणारा माणूस, पण निरक्षर शेवटी.

६ नोव्हेंबर

प्रिंटर मेला. म्हणजे दिवा लागतो, कागद ओढतो, आणि कोराच बाहेर टाकतो. परीक्षेत काही येत नसलेल्या मुलासारखा पुरवणी मागतो आणि तीही कोरीच देतो.

पण ते सोडा. फाईल उघडली.

मराठी नाही. एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे, टोपीवाले ए, उलटी प्रश्नचिन्हं, कंस. एकशे चाळीस पानं नुसता कचरा. मी चष्मा पुसला. मग दुसरा चष्मा लावला.

बारा वर्षांपूर्वी पुण्याहून मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्याच्याबरोबर बोटाच्या पेराएवढं एक डोंगल मिळालं, ते मागे खोचलेलं असलं तरच मराठी उमटायची. ते काढलं, फुंकलं, पुन्हा खोचलं. संगणक म्हणतो, 'हे उपकरण ओळखता येत नाही.' बारा वर्षं पाठीला पाठ लावून राहिलात रे!

अनुपमाला हडपसरला फोन केला. लेक ऑफिसात होती.

"आप्पा, तुम्ही अपग्रेड केलं? मला न विचारता?"

"त्याने मला विचारलं होतं."

"कोणी?"

"संगणकाने."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हात लावू नका. पुढच्या शनिवारी बघते. आप्पा, ऐकताय ना? कशालाही हात लावू नका."

आता या मुलीला मी बाराखडी शिकवली आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज बरंच काम केलं.

सकाळी फाईल पुन्हा उघडली. तोच कचरा, पण आज नीट पाहिलं तर प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. मला एकदम धीर आला. छत्तीस वर्षं मीही हेच केलं आहे. लाल रेघ म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे दुरुस्त होणारी गोष्ट. रेघेवर बाण नेला तर छोटी खिडकी उघडली: दुरुस्त करू का? मी 'हो' म्हटलं. शब्द बदलला, रेघ गेली. दुसरा, तिसरा. दोन तासांत पान झालं. मग खाली एक बटण सापडलं, 'सर्व दुरुस्त करा'. ते दाबलं. पडद्यावरून लाल शाई सरसर उतरत गेली, पाऊस उघडल्यावर अंगण निथळतं तशी.

मराठी अजून दिसत नाही, पण चुका तरी गेल्या. फाईल बंद करताना त्याने विचारलं, बदल जतन करायचे? मी म्हटलं, अर्थात.

अनुपमाला कळवलेलं नाही. ती म्हणेल, हात का लावला.

९ नोव्हेंबर

दिवसभर मल्हारी आठवत राहिला.

गौरी-गणपतीच्या सुमारास त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याच्या आदल्या गुरुवारी त्याने शेवटचा मुक्काम सांगितला होता आणि म्हणाला होता, "मास्तर, आता हे समदं एकदा माज्या कानावर पडू द्या. सलग. चंपाषष्ठीला तळी भरली की माज्या वसरीवर बसून वाचा. मंग मी मोकळा." मी शब्द दिला. चंपाषष्ठी सव्वीस तारखेला.

त्याच्या एका लकबीची नोंद इथे करून ठेवायला हवी, स्मरणशक्तीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ओवी म्हणता म्हणता तो अडला की "पाणी" म्हणायचा. त्याची बायको भामाबाई आतून तांब्या घेऊन यायची, वाकून त्याच्या हातात द्यायची, आणि दोन घोट घेतले की पुढची ओवी धडाधडा बाहेर. पाण्याने स्मृती जागी होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यानंतर मीही दुपारी दोन तांबे पितो. फरक नाही.

भामाबाईचा मात्र थोडा त्रास असे. मी लिहीत असताना चुलीपाशी काहीतरी पुटपुटत राहायची. दोनदा तर मल्हारीचं म्हणून झालं आणि आतून आली, "तसं न्हाई ते." मल्हारी तिच्यावर डाफरला. आणि मग तसंच म्हणाला, जसं तिने सांगितलं होतं. नवरा-बायकोचं काय चालतं, आपण कशाला पडा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अनुपमाचा फोन: प्लांटला व्हिजिट आहे, यायला जमत नाही. डोंगल खिशात घातलं, पेन ड्राइव्ह रुमालात बांधला आणि बाजारपेठेत सोनमच्या दुकानात गेलो. झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, पीक विमा, सगळं तिथेच. माझी विद्यार्थिनी. कविता पाठ म्हणायला उभी केली की ओढणीचं टोक चघळायची.

"आप्पा, कधी केलं अपग्रेड?"

"तीन तारखेला."

तिने बोटं मोजली. "बारा दिवस. अहो, दहा दिवसांत आला असता तर एका क्लिकमध्ये जुनं परत केलं असतं मी! मशीन सांगतं ना तसं. मेसेज आला नव्हता का?"

मी म्हटलं, आला असेल.

"आला असेल म्हंजी?"

"मला वाटलं, तत्त्वज्ञान आहे."

तिने कपाळाला हात लावला. लाईनमध्ये उभे असलेले दोघे हसले. एकाच्या हातात बायकोचं आधार कार्ड होतं, तो म्हणाला, "आमचं तर मशीन रोज म्हणतं, परत प्रयत्न करा. तेच खरं तत्त्वज्ञान."

सोनम मात्र चांगली मुलगी. तिने समजावून सांगितलं. जुन्या टायपिंगात प्रत्येक मराठी अक्षराच्या आत एक इंग्रजी अक्षर लपलेलं असतं. वर मराठी कपडा घातलेला असतो एवढंच. नव्या प्रणालीने तो कपडा काढून घेतला. आतलं अंग तसंच आहे. "म्हणून घाबरायचं न्हाई. हे सॉफ्टवेअर अजून ज्याच्याकडे चालू हाय, अशा जुन्या मशीनवर फाईल उघडली की समदं जसंच्या तसं. दौंडला रखमाजी प्रेसवाले हायेत. लग्नपत्रिका छापतात. त्यांचं मशीन लय जुनं. फक्त एवढंच, की फाईलला कुणी हात लावलेला नसला पाहिजे."

मी म्हटलं, "मी कशाला लावतोय."

खोटं बोललो असं नाही. मी दुरुस्त केली, बिघडवली नाही. येताना भजी घेतली. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दौंड

स्टँडवर बसून लिहितो आहे. घरी जाऊन लिहायचं धैर्य होणार नाही.

रखमाजींचं दुकान बोळात आहे. संगणक देव्हाऱ्यासारखा, वर प्लास्टिकचं झाकण, शेजारी उदबत्ती. "गुरुजी, ह्याला मी इंटरनेटचं वारंसुद्धा लागू देत न्हाई," ते म्हणाले. "जावई म्हणतो, मामा, नवीन घ्या. मी म्हणलं, तुमास्नी पोरगी दिली, मशीन देणार न्हाई."

पेन ड्राइव्ह लावला. फाईल उघडली. आणि पडद्यावर देवनागरी उमटली. काळी, ठळक, माझी. डोळ्यांत पाणी आलं. मी पहिली ओळ मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्या शब्दाला अडलो. शब्द नव्हता तो. 'ख्रटेज'. पुढे एक शब्द बरा, मग 'झ्फुंर्ल', मग 'त्प', मग सलग अर्धं पान असं, की कुणीतरी छपाईच्या खिळ्यांचा ट्रे उपडा केला आहे.

रखमाजींनी पानं खाली खाली सरकवली. शेवटपर्यंत तसंच. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, ह्याला कुणी हात लावला का?"

मी सांगितलं. लाल रेघा, खिडकी, सर्व दुरुस्त करा.

ते हळूच म्हणाले, "आवो, त्याला कुठं माहीत ती मराठी हाय. त्याला वाटलं, गबाळ इंग्रजी हाय. म्हणून त्यानं आपल्या मनानं इंग्रजी शब्द घातलं. आतलंच बदललं न्हवं. आता वरून कुठला बी कपडा घाला."

"मागे घेता नाही येणार?"

"मागची प्रत आसंल तर. कागद, वही, कायतरी?"

मी त्यांना बंबाचं सांगितलं नाही. त्यांनी चहा मागवला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

१८ नोव्हेंबर

हिला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. पाट ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "त्या पानांवर पाणी लवकर तापायचं, मला वाटायचं कागद चांगला आहे."

मग थोड्या वेळाने: "तुम्ही छत्तीस वर्षं पोरांचं असंच केलंत का हो? न समजता लाल?"

मी उठून अंगणात गेलो.

१९ नोव्हेंबर

आठवून लिहायला बसलो. शाळेतल्या तीनशे कविता मला आजही चालीसकट पाठ आहेत. पाऊस, पाखरं, आई, देश, सगळं. मल्हारीच्या एक्कावन्न मुक्कामांतले धड चार आठवेनात. तीन वर्षं कानांनी ऐकलं, हातांनी लिहिलं, आत काही उतरलं नाही.

एक आठवतो, कारण त्यावर मी बरीच मेहनत घेतली होती. मल्हारीने म्हटलं होतं:

पाबळच्या माळाला, वारा झोंबं कानाला,
कांबळं एक, लेकरं चार,
आई पांघरती आभाळाला.

त्यातलं 'कांबळं एक, लेकरं चार' हा नुसता हिशेब वाटला. मी पक्क्या प्रतीत केलं होतं:

पाबळ-भूमी शीतल मारुत वाहे,
माता नभाची शाल पांघरोनि राहे.

आज दोन्ही एकाखाली एक लिहून पाहिल्या. वृत्तात माझी बसते. का कोण जाणे, मोठ्याने म्हणताना पहिलीच तोंडात येते.

कासुर्डीचा माणूस, आणि ओवी सुरू होते पाबळच्या माळावर, शिरूरच्या बाजूला. मी एकदा विचारलं होतं. मल्हारी म्हणाला, "हाय तशी हाय." हाही एक प्रश्न राहिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कासुर्डीला गेलो. सांगायलाच हवं होतं. चंपाषष्ठीला चार पाव्हण्यांपुढे उभं राहण्यापेक्षा आज बरं.

मल्हारी ओसरीवर बाजेला टेकून बसला होता. डावा हात उचलून त्याने राम राम केला. डोळे माझ्या पिशवीकडे. पिशवीत बारा पानं होती. उन्हाळ्यात प्रिंटर जिवंत असताना सुरुवातीची तेवढीच छापून अनुपमाला पाठवली होती, ती कालच तिने परत पाठवून दिली. म्हटलं, निदान ही वाचू, मग सांगू.

वाचायला लागलो. 'शीतल मारुत' आलं तसा मल्हारीचा डावा हात बाजेवर आपटायला लागला. टप. टप. टप. तोंडातून "आँ, आँ". मला वाटलं, दाद देतो आहे. आणखी जोर लावून वाचलं. तो मान हलवायला लागला, डोळ्यांतून पाणी. भामाबाई दाराच्या चौकटीला टेकून कांद्याची पात निवडत होती. ती न बघता म्हणाली, "कांबळं एक, लेकरं चार." मल्हारीचा हात थांबला. एकदम शांत.

मी पुढचं पान वाचलं. पुन्हा टप टप. पुन्हा तिकडून काहीतरी. पुन्हा शांत. असं चार वेळा. मला वाचताच येईना. शेवटी मीच थोडा चिडून म्हटलं, "भामाबाई, जरा गप्प बसाल का? मी महत्त्वाचं सांगायला आलो आहे."

ती गप्प बसली.

मग सांगितलं. संगणक, बटण, लाल रेघा, बंब. सगळं. मल्हारी माझ्याकडे नाही, भामाबाईकडे बघत होता. बघतच राहिला. घशातून एक आवाज काढला त्याने. मी तो आवाज तीन वर्षं ऐकला आहे. 'पाणी'. मी पटकन तांब्या भरून त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. तोंड फिरवलं आणि पुन्हा तिच्याकडेच बघून तोच आवाज.

बिचाऱ्याला पाणीही गिळवत नाही आता.

निघताना भामाबाई अंगणापर्यंत आली. म्हणाली, "मास्तर, समदीच गेली का?"

"सगळीच."

"बरं झालं," असं काहीतरी पुटपुटली. नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं, पण तसं कसं म्हणेल? पदर सावरून आत गेली.

सायकलवर बसवेना. हातात धरून यवतपर्यंत चालत आलो. नव्या सॉफ्टवेअरला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं, पण छत्तीस वर्षं पोरांना शिव्या देऊ नका म्हणून शिकवलं, एक चांगली शिवी आठवेना.

२४ नोव्हेंबर

संगणकावर पाटी: 'तुमचा अनुभव कसा वाटला? तारे द्या.' पाच तारे दाखवतो आहे आणि माझ्याकडे बघतो आहे. पांढरं धडपं टाकून पेटी झाकली.

अनुपमा म्हणते, आप्पा, दुसरं कुणी म्हणणारं नाही का? मी सांगितलं, असतं तर मी तीन वर्षं सायकल का मारली असती. मल्हारी एकटाच उरला होता. ती म्हणाली, "आणि बायको?" मी म्हटलं, ती पाणी द्यायची.

फोनवर ती गप्प झाली. नेटवर्क गेलं असावं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

सकाळी घरचीच तळी भरली. भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला. हिने "येळकोट" म्हटलं, मी नुसती तळी उचलली. कासुर्डीला जाणार नाही. निरोपही पाठवला नाही. ज्या ओसरीवर एकशे चाळीस पानं वाचायची तिथे बारा पानं घेऊन कसा बसू, आणि त्यातही प्रत्येक ओळीला त्याचा हात आपटणार. दाद नव्हती ती. हे आत्ता, लिहिताना, लक्षात येतं आहे.

अकरा वाजले. ही म्हणते आहे, कुणीतरी आलं. असेल कुणी वर्गणीवाला.

नाही. कसं लिहू? लिहितो, कारण बाई दारातच उभ्या आहेत आणि म्हणताहेत, "लिवा, लिवा, मी हाय हितंच."

भामाबाई. एकट्या. कासुर्डीहून चालत. पाय धुळीने पांढरे, कपाळाला भंडारा. मला वाटलं मल्हारीचं काही बरंवाईट झालं. म्हणाल्या, "त्यांनीच धाडलं. हातानं दार दावत व्हते, सकाळधरनं. जा म्हनं. तिकडं दीर बसलाय त्यांच्यापाशी. संध्याकाळच्या आत तळी व्हायची हाय, तवर आटपा."

"काय आटपू?"

"वही काढा की."

मी म्हटलं, "भामाबाई, तुम्हाला येते?"

हसल्या. दात कमी आहेत, पण हसणं अख्खं. "माज्या बापाची हाय मास्तर ती. मला न्हाई येनार तर कुणाला? ह्यास्नी लगीन झाल्यावर मीच शिकवली. पाण्याचं निमित्त करून निम्मी कानात सांगायची, तवा तुमास्नी वाटायचं ह्येच म्हणत्यात."

ही स्वयंपाकघरातून ओरडली, "वही शोधू नका, घरात कोरी एक नाही. सगळ्या बंबात घातल्यात." म्हणून मी हीच दैनंदिनी पुढे केली. भामाबाई उंबऱ्यावरच बसल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, दारात वारं लागतं, आठवतं.

मी लिहिलं: पाबळच्या माळाला.

"थांबा. ते दुसरं. पयला तुमास्नी त्यांनी सांगितलाच न्हाई. मास्तरास्नी राग यील म्हणत व्हते." पदर तोंडाला लावला. "घोडनदीच्या अल्याड एक शाळा व्हती. आमचा वाडा तितनंच निघायचा. खिडकीतनं पोरं वरडताना ऐकू यायची. मी घोड्यावर, परकराची. बापानं तिथंच जोडली ती. आन् मास्तर, म्हणीन तसंच लिवा. मधी तुमचं काय घालू नका."

नाही घालत.

पयला मुक्काम शाळंच्या वाटंला,
आत कोंडली कोकरं,
वरडत्यात, सोडा म्हनं रानाला.